काट्यावर भरलेली गाडी

आमच्या घराण्यात वजन उचलण्याचं काम आधी पुरुषांनी केलं, मग ट्रकने केलं आणि त्यानंतर मी.

ट्रक बाबांचा. (मालक दुसराच, पण स्टिअरिंगला हार बाबा घालायचे.) आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे. खाणींचं काम वाढलं तसे बाबा डिचोलीला आले आणि खनिज वाहू लागले. मी तिथल्याच कॉलेजात. हजेरी देताना माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नसे, त्यामुळे वर्गात बसूनही मी बहुतेक दिवस गैरहजरच असायचे. अशा मुलीला व्यायामाच्या सरांनी एका गंजक्या लोखंडी दांड्यापुढे उभं केलं. वेटलिफ्टिंगच्या संघात एक मुलगी हवी होती आणि बाकीच्या मुलींना नाही म्हणता येत होतं.

काही महिन्यांनी तो दांडा एकदाचा डोक्यावर गेला. मला स्वतःविषयी कमालीचा आदर वाटला. दुसऱ्या दिवशी मी असा काही ‘हजर’ दिला की शेजारच्या वर्गातल्या बाई खिडकीतून डोकावून गेल्या.

बाबांना हा प्रकार पसंत नव्हता. स्पर्धेला जायची परवानगी त्यांनी अटीवर दिली. “एकच खेप. वजन डोक्यार गेला तर फुडे बघू. पडला तर ता लोखंड थंयच ठेवन घराक येवचा. लोकांक हसाक देवचा नाय.”

मी माझ्या वजनगटाच्या अगदी काठावर होते. सरांनी बजावलं होतं, वजन होईपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नको. सकाळी मी घरात एवढंच म्हणाले, “आज आधी माझं वजन करणार आहेत.”

बाबा चहाचा कप ठेवून उठलेच. सगळा जन्म वजनकाट्यावर गाड्या नेण्यात गेलेला.

“काट्यार जातलंस? आणि रिकामी?”

“बाबा, तसं नसतं...”

“माका शिकव नको. रिकामी गाडी काट्यार नेली तर कुत्रा तरी इचारता काय? गो, हिका भर!”

हे शेवटचं आईला. आईने मला भरलं. उंडे म्हणजे आमच्याकडचे गोल पाव, पातळ भाजी, वर केळी, वर तांब्याभर ताक. (हजर म्हणायला मी शिकले होते, बाबांना नाही म्हणायला अजून शिकायचं होतं.) बाबा शेजारी उभे राहून ट्रक भरून घेतल्यासारखे सूचना देत होते. “अजून जागा आसा. जरा दाबून भर.”

मग ट्रक निघाला. केबिनमध्ये आईबाबा आणि मी, मागे हौद्यात बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे भाऊकाका, आणि शेजारपाजारचा अर्धा वाडा.

वजनाच्या खोलीत मी काट्यावर चढले. सरांनी आकडा पाहिला, मग मला पाहिलं, मग भिंतीला टेकले. “काय खाल्लंस गो?”

“सगळंच, सर.”

माझी रवानगी वरच्या गटात झाली. तिथे मुरगावची फिलोमिना होती. तिने दांडा असा उचलला, जणू पाववाल्याने टोपली डोक्यावर घेतली. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिले. असं काही माणसाला करता येतं, हे पाहायला मिळालं तरी जन्म सार्थकी लागला, असं मला वाटलं. मग माझं नाव पुकारलं.

तीन संधी असतात. तिन्ही हुकल्या की बाद. कमरेचा पट्टा उंड्यांमुळे लागेना, तो सरांनी गुडघा टेकवून लावला. पहिल्यांदा दांडा छातीपर्यंत आला आणि परत गेला. दुसऱ्यांदा तेवढाही आला नाही. मी प्रेक्षकांत पाहिलं. बाबा ट्रकची किल्ली हातात घेऊन बसले होते, घरी निघाल्यासारखे.

तिसरी संधी. घड्याळ सुरू झालं. मी वाकले, दांडा धरला, आणि त्या शांततेत भाऊकाका उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा...”

गाऱ्हाणं! नवा ट्रक असो, गाय विणार असो, आमच्याकडे भाऊकाकांच्या गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही. आणि गाऱ्हाणं चालू असताना कुणी कशालाही हात लावत नाही. मीही नाही लावला. दांडा सोडून, हात जोडून उभी राहिले.

“उचल गो!” सर दबक्या आवाजात ओरडले.

“सर, गाऱ्हाणं संपूं दे.”

“...आज ह्या तुझ्या लेकरान जा काय लोखंड उचलूक घेतला हा...”

“व्हय म्हाराजा,” अर्धा वाडा.

“...ता सुखरूप डोक्यार जावंदे, कोणाच्या पायार पडाक नको...”

“व्हय म्हाराजा,” आता अख्खा हॉल. पंचसुद्धा. वेळ मोजणारे गृहस्थ पेडण्याचे, तिकडेही गाऱ्हाणं घालतात. त्यांनीही सवयीने हात जोडले आणि स्टॉपवॉच तळव्यांत दाबलं जाऊन थांबलं. (मी त्याला कृपा म्हणते, सर बिघाड म्हणतात.)

“...आणि कोणाची वाकडी नजर आसात ती भायल्या भायर काडून टाक!”

शेवटचा ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यांत मोठ्याने कुणाचा आला असेल? गळ्यातला क्रूस मुठीत धरून उभ्या असलेल्या फिलोमिनाचा.

मी वाकले. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की लोखंड वर होतं, खाली मी होते आणि दोघंही हलत नव्हतो.  बाबा खुर्चीवर चढून उभे होते. आयुष्यभर ओझी वाहिलेला तो माणूस जणू पहिल्यांदाच ओझं बघत होता. ‘खाली ठेवा’ असं पंच सांगत होते म्हणे. मला काही ऐकू आलं नाही. खालून सगळे वेगळेच दिसत होते आणि मला अजून थोडं बघायचं होतं.

मी तिसरी आले. परतीच्या वाटेवर बाबांनी प्रत्येक चहाच्या गाड्यापाशी ट्रक थांबवून सांगितलं, “आमचा चेडू गोव्यात तिसरा!” वरच्या गटात आम्ही तिघीच होतो, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मीही नाही. माझ्या मूळच्या गटात ही एवढी रांग होती. तिथे मला पदक दुरूनच बघायला मिळालं असतं.

“बघितलंस?” घरी उतरताना बाबा आईला म्हणाले. “भरून नेल्याचो फायदो. फुडल्या वर्सा अजून भर. त्याच्या वरच्या गटात एकटीच आसली तर पयली येतली.”

पुढे खेळ सुटला, लग्न झालं, वर्षं गेली. पण बाबांचा सल्ला मी सोडलेला नाही. एकेक वजनगट मी नेमाने पार करत आले आहे आणि आता अशा गटात पोचले आहे की पहिला नंबर नक्की. फक्त स्पर्धा तेवढी कुणी घेत नाही.