थट्टेकऱ्याचं खरं बोलणं

गुटूकडच्या एका गावात मुरांबिवाइतका तोंडाळ माणूस दुसरा नव्हता. पण त्याला बोल कसा लावणार? तोंडाळपणा हेच त्याचं काम होतं. तावेंग्वाच्या घराण्याचा तो साहविरा, म्हणजे पिढीजात थट्टेचा दोस्त. घरात कुणी वारलं की त्याचा कोट अंगात घालायचा, त्याच्यासारखं चालायचं, खोकायचं, त्याच्या सगळ्या भानगडी चारचौघांत उघड्या करायच्या आणि रडणाऱ्यांना हसवायचं. कुणी रागवायची सोय नाही. तावेंग्वाच्या बापाच्या मयताला त्यानं म्हाताऱ्याचं घोरणं असं काही केलं, की पाद्रीबाबांना प्रार्थना आटोपती घ्यावी लागली.

तर एका सकाळी हा तावेंग्वाकडे गेला. तीन महिने तावेंग्वा घराबाहेर पडला नव्हता. शेतातला मका उभा वाळला, साद्झाचं, म्हणजे मक्याच्या उकडीचं, ताट रोज त्याच्यासमोर थंड व्हायचं. त्या दिवशी त्यानं स्वतःचा कोट मुरांबिवाच्या हातात ठेवला.

"घेऊन जा. लागेलच तुला. मागाहून शोधाशोध नको."

मुरांबिवा कोट घेऊन धावतच तावेंग्वाच्या थोरल्या भावाकडे गेला.

"दादा, तावेंग्वाला दवाखान्यात न्या. तो जिवाचं बरंवाईट करून घेईल!"

थोरला मांडीवर थाप मारून हसला. "वा रे साहविऱ्या! जिवंतपणीच उरकलंस की त्याचं!"

तावेंग्वाची बायको मावीस तिथंच शेंगा सोलत होती. "इश्श, भावोजी, तुमचं आपलं काहीतरीच! त्यांना विचारांनी घेरलंय, दुसरं काय? प्रार्थना केलेलं पाणी आणलंय मी."

"अगं, खरं सांगतोय! आईशप्पथ!"

"कसा हुबेहूब घाबरतो बघा," थोरला म्हणाला, आणि आणखी चार शेजारी हसायला जमले. एकानं तर पुन्हा एकदा करून दाखवायची फर्माईश केली. जन्मभर लोकांना हसवून मुरांबिवानं कमावलं ते हे. आग लागो असल्या थट्टेला!

तो तणतणत परत आला आणि कोट तावेंग्वाच्या अंगावर फेकला.

"मी तुझ्या मयताला येणार नाही."

तावेंग्वानं कित्येक दिवसांनी मान वर केली. साहविरा आल्याशिवाय तिथं मयत हलत नाही.

"मग मला पुरणार कोण?"

"कुणी नाही! पडून राहा तसाच. अरे मेल्या, मला भीती वाटतेय रे! तुझी नक्कल नाही करायची मला." मग मुरांबिवा खाली बसला. "दवाखान्यामागं झाडाखालच्या बाकावर म्बुया एनिया बसते ना, ती आजी? मनातलं ऐकून घेते ती. दवाखान्यानं शिकवलंय तिला ते. औषध लागलंच तर नर्सकडे नेते. चल, मी बसतो शेजारी."

"काय बोलू तिच्याशी?"

"नको बोलूस. मी काय कमी बोलतो?"

म्बुया एनियानं दोघांना बाकावर जागा करून दिली. एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"तुमच्यातला आजारी कोण रे, बाळांनो?"

मुरांबिवानं तोंड उघडलं आणि तो हमसून हमसून रडायलाच लागला. म्बुया त्याच्याकडे सरकली, तसा तावेंग्वानं हात आडवा केला.

"तो नाही, म्बुया," तो म्हणाला. "मी. मला जगावंसं वाटत नाही."