प्रवाळाच्या बुडाशी उमटलेला अंगठा

गल्लीत त्याला सगळे चष्मेवाला म्हणूनच ओळखत. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. संसार म्हणजे तो, त्याची थोरली बहीण आणि भिंतीला टेकवलेली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. टाकी त्याच्या बायकोने हौसेने मांडलेली. ती गेल्यावर तिच्या हातचं एकेक करून सगळं संपलं, कुंड्या वाळल्या, शिवणयंत्र गंजलं. टाकीतलं एक प्रवाळ तेवढं वाढत राहिलं. तिने लावलं तेव्हा बोटाएवढा तुकडा होता, आता ओंजळभर हिरवं झुडूप झालं होतं. ताई म्हणाली होती, देवाने तिचं एवढं एक जितं ठेवलंय, ते सांभाळ. आणि त्याने ते व्रत घेतल्यासारखं सांभाळलं होतं.

तेच झुडूप बुडाकडून पांढरं पडू लागलं.

आधी पाण्याचा दोष वाटला, मग दिव्याचा. पाणी बदललं, दिवा खाली-वर केला. पांढरेपणा मात्र फांदीफांदीने वर चढत राहिला. भिंग लावून पाहिलं तर कुठे काही नाही. ताई म्हणाली, "जगाला चष्मे देतोस आणि घरातलं दिसत नाही होय तुला?"

शोभेच्या माशांच्या दुकानदाराने ऐकून घेतलं आणि एकच सांगितलं. दुपारी पडदे ओढ, निळा दिवा लाव आणि ड्रॉपरने फांद्यांवर जोरात पाणी मार. मग बघ काय उठतं ते.

त्याने तसं केलं. पाण्याचा झोत बसताच प्रवाळाच्या हिरव्या कातडीचा एक तुकडा सुटला. खाली पडला नाही. कडा हलवत, वळत, पोहत निघाला आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. बसला तसा दिसेनासा झाला. मग दुसरा उठला, मग तिसरा. इतके दिवस ज्याला तो प्रवाळाचा रंग समजून निवांत झोपायला जात होता, त्यातलं बरंचसं प्रवाळ नव्हतंच. चपटे किडे होते. ज्याचं खायचं त्याचाच रंग अंगावर घ्यायचा, ही त्यांची रीत. दाराशी उभ्या ताईने नकळत देवाचं नाव घेतलं.

दुकानदाराने औषध दिलं आणि दोनदोनदा बजावलं: "औषध किड्याला लागतं, अंड्याला नाही. बुडाशी अंडी असतील ती खरवडून काढ. नाहीतर बूडच कापून फेक. अंडी राहिली, की पालथ्या घड्यावर पाणी."

टाकीचंच पाणी बादलीत घेऊन त्यात औषध ढवळलं आणि प्रवाळ बुडवून हलवलं. किडे गळून तळाशी पडले. तिथे त्यांचा हिरवा रंग उतरला आणि ते नुसत्या पापुद्र्यासारखे दिसू लागले. मग बूड भिंगाखाली धरलं. तुकडा दगडाला चिकटवायला बायकोने पुट्टी मळली होती, आणि पुट्टीवर अंगठ्याचा ठसा तसाच वाळला होता. तो ठसा त्याने याआधी कितीदा तरी पाहिला होता, पण आज त्याच्या रेषारेषांतून तपकिरी अंडी मांडली होती. एकाला एक लागून, रेषा वळेल तशी वळत. कुणी रांगोळीचे ठिपके द्यावेत तशी.

त्याने सुरी घेतली. भोवतालचं सगळं खरवडलं. ठशापाशी आल्यावर हात थांबला. सुरी फिरली असती तर रेषा राहिल्या नसत्या. मऊ ब्रशने वरवर पुसलं, आणखी एकदा औषधात बुडवलं आणि टाकीत परत ठेवून दिलं. ताईने विचारलं, सगळं निघालं ना? तो हो म्हणाला.

काही दिवसांनी पाणी मारलं तर फांदीवरून पुन्हा रंग उठला. पुन्हा औषध, पुन्हा सुरी, पुन्हा ठसा वगळून. दर खेपेला फांद्या कमी व्हायच्या आणि बुडाशी ठसा मात्र जास्त ठळक व्हायचा. झुडूप मरत चाललं होतं आणि अंगठा भरत चालला होता. निळ्या उजेडात वाटे, खालून कुणीतरी काचेला बोट लावून आहे.

शेवटी वरच्या थोड्याच फांद्या हिरव्या उरल्या. त्या दिवशी तो बादलीशी बसला असता ताई जवळ येऊन बसली. भिंग तिने मागून घेतलं, बराच वेळ बूड पाहिलं.

"इथली का नाही काढलीस?"

"तिचा अंगठा आहे तो, ताई."

"अरे, तिने अंगठा लावला तो हे जगावं म्हणून. तो खायला उठला असेल तर तो तिचा राहिला का?"

त्याने जाड कात्री घेऊन हिरव्या फांद्या बुडापासून कापल्या. कट् असा आवाज झाला, वाळकं हाड मोडावं तसा. औषधातून काढून, भिंगाखाली तपासून फांद्या नव्या दगडावर बसवल्या. पुट्टी दाबताना हातात मोजे होते, आणि वरून ती सुरीच्या पात्याने गुळगुळीत केली.

जुनं बूड साध्या पाण्याच्या भांड्यात टाकायचं होतं. खाऱ्या पाण्यातलं त्यात जगत नाही. टाकण्याआधी मोजा काढून, निरोप घ्यावा तसा, त्याने आपला अंगठा त्या ठशावर ठेवला.

तो नेमका बसला.

बायकोचा हात लहान होता. तिचं शिवणाचं अंगुस्तान त्याच्या करंगळीतसुद्धा जात नसे. पुट्टी दोघांनी मिळून दाबली होती एवढं त्याला आठवलं. शेवटी अंगठा कुणाचा लागला, ते काही केल्या आठवेना. ताईने विचारलं, काय झालं रे? तो म्हणाला, काही नाही. बूड भांड्यात सोडलं आणि अंगठा सदऱ्याला पुसत राहिला.

फांद्यांनी नव्या दगडावर जीव धरला. टोकांना नवा हिरवा कोंब आला. ताईने देवापुढे हात जोडले.

अजून रोज दुपारी दुकान मिटवून तो पडदे ओढतो, निळा दिवा लावतो आणि फांद्यांवर पाणी मारतो. काही उठत नाही. तरी ड्रॉपर हातात धरून तो बराच वेळ हिरव्या रंगाकडे बघत बसतो, हा सगळाच्या सगळा रंग प्रवाळाचाच आहे ना, याची खात्री होईपर्यंत. तोवर उजवा अंगठा मुठीत मिटलेला असतो.