मृणाली यावलला राहत नाही

मृणालीचं माहेर यावलचं, सासर धुळ्याचं. नवऱ्याने, हिलालने, पुन्हा हात उचलला आणि बरगडीला मार लागला, तेव्हा ती नेसत्या साडीनिशी एसटीत बसली. यावलच्या स्टँडवर धाकटा भाऊ प्रशील घ्यायला आला होता. तिची अवस्था पाहून तो रडला. "अक्का, आता परत जायचं नाही. हे घर तुझंच आहे," म्हणाला.

ती राहिली. शेजारच्या सुनंदाबाईंबरोबर केळी भरायच्या कामाला जाऊ लागली. आई लिलाबाईंचं दुखणंखुपणं बघू लागली. पुढे तिने हिलालविरुद्ध यावलच्या कोर्टात अर्ज केला. वकीलबाई म्हणाल्या होत्या, "मार धुळ्यात बसला असला तरी तू आज जिथे राहतेस, तिथल्या मॅजिस्ट्रेटलाही हा अर्ज ऐकता येतो. तात्पुरती राहत असलीस तरी चालतं."

हिलालच्या वकिलाने नेमकं तेच धरलं. ही बाई यावलला राहतच नाही, केससाठी येऊन-जाऊन असते, प्रकरण धुळ्यालाच चालायला हवं. मृणालीला हसू आलं. प्रशील सांगेलच की.

तारखेच्या दिवशी तिने प्रशीलला भाकरी वाढली. "तू आईला घेऊन हो पुढे, मी येतोच," तो म्हणाला. तो आला, पण हिलालच्या मोटारसायकलवरून. नावाचा पुकारा झाला तो हिलालचा साक्षीदार म्हणून.

"बहीण तुमच्याकडे राहते?" वकिलाने विचारलं.

"नाही. सणावाराला येते आणि जाते."

मृणालीला वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो पंख्याकडे बघत होता.

वकीलबाई घाईने बाहेर बाकावर बसलेल्या लिलाबाईंकडे गेल्या. लिलाबाईंनी पदर पुढे ओढला. "मला मुलाच्याच घरात दिवस काढायचे आहेत, बाई," एवढंच त्या बोलल्या. साक्षीला उठल्या नाहीत.

शेवटी सुनंदाबाईंना बोलावणं गेलं. त्या मूळच्या साक्रीकडच्या, कामावरून तशाच आल्या, हाताला केळीचा चीक. "हाई पोरगी आठेच ऱ्हास, साहेब. रोज मनासंगे कामले येस," पोरगी इथेच राहते, असं त्यांनी आपल्या अहिराणीत ठणकावून सांगितलं. केळीच्या वखारीतल्या मुकादमानेही तसंच सांगितलं. मॅजिस्ट्रेट मॅडमनी हिलालच्या वकिलाची हरकत फेटाळली. अर्ज यावललाच चालणार होता.

संध्याकाळी मृणाली घरी आली ती कपडे भरायला. प्रशील दारात उभा होता.

"हिलालभाऊंचे काका मला त्यांच्या शाळेत कायमची नोकरी देणार होते, अक्का. एवढंच बोल म्हणाले. केस धुळ्याला गेली असती तर बिघडलं काय असतं? न्याय तिथेही मिळतोच."

"आणि तारखेला तिथे मी कुणाच्या घरी उतरले असते रे?"

तो दारातून बाजूला झाला. लिलाबाई चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या. त्यांनी थांब म्हटलं नाही.

मृणालीने सुनंदाबाईंची मागची खोली घेतली. वर्षभराने हिलालने तिच्या वाटेला जाऊ नये, असा हुकूम झाला. बाजारात कधी हिलाल समोर आला तर आता ती वाट बदलत नाही. प्रशील दिसला, की मात्र बदलते.