चोवीस तासांचा कॅन

शिवणकारखान्यात काजं करणाऱ्या वहिनी कशाला डगमगणाऱ्यातल्या नव्हत्या. पण तीन महिने झाले, बसल्याजागी छातीत धडधडायचं, अंग घामानं निथळायचं, डोकं फुटायला यायचं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असली तर ती नको तितका रस रक्तात सोडते. तो रस मोडला की त्याचा अंश लघवीत उतरतो. चोवीस तासांची सगळी लघवी जमवा, म्हणजे मोजता येईल."

कॅन घरी आला, लघवी टिकावी म्हणून तळाशी थोडं आम्ल घातलेला. फ्रिजमध्ये ठेवताना नवरा म्हणाला, "यावर चिठ्ठी लाव बाई, नाहीतर मी सरबत समजून पिईन."

वहिनी हसल्या. पण कॅन घेऊन कामावर जायची लाज वाटली, आणि रजा मागायचं तोंड नव्हतं. कारखान्यात त्या दोनदा मोरीत जाऊन आल्या. संध्याकाळी घरी कॅन अर्धाही भरला नव्हता. त्यांनी गुपचूप दोन तांबे पाणी ओतलं.

सकाळी प्रयोगशाळेतल्या दादांनी कॅन मापाशी धरला. "सगळी आहे ना?"

"सगळी."

बाहेर पायरीवर आल्या आणि तिथेच थांबल्या. रिपोर्ट चांगला येईल, घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडेल, आणि गाठ मात्र आत निवांत वाढत राहील. देवासमोर हात जोडायचे तरी कोणत्या तोंडानं? छाती पुन्हा धडधडायला लागली. ही गाठ की भीती, तेही कळेना.

त्या परत आत गेल्या. "दादा, खोटं बोलले मी. दोनदा बाहेर गेले. वर पाणी ओतलंय."

दादांनी पेन खाली ठेवलं. "पाणी ओतलं तरी त्यातला एकूण अंश तेवढाच राहतो हो. पण जे मोरीत गेलं, ते मी कुठून मोजू?" त्यांनी नवा कॅन पुढे सरकवला. "उद्याची पहिली टाकून द्या. मग परवाची पहिली धरून थेंबन्‌थेंब यात."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात वहिनींच्या मशीनखाली बर्फाच्या बादलीत कॅन होता, वर कापडाचा तुकडा टाकलेला.

"काय लपवलंय?" शेजारच्या मशीनवरच्या मावशींनी विचारलं.

"माझी लघवी," वहिनी म्हणाल्या.

वहिनी कॅन घेऊन मोरीकडे निघाल्या. मावशी उठून दारापर्यंत बरोबर आल्या आणि बाहेर पाठ करून उभ्या राहिल्या.

आता आकडा खरा येणार होता. आत, कॅन हातात धरून, वहिनी देवाचं नाव घेत राहिल्या. एक थेंबही सांडू दिला नाही.