येते म्हण

शेजारच्या ताई मिशनरी आहेत. ओडिशातल्या डोंगरात काम करतात, महिनाभर खोपोलीला आईकडे आल्या होत्या. मराठी आठवून आठवून बोलत. चहाआधी डोळे मिटून प्रार्थना करत, तेव्हा हातातलं बिस्किट खावं की थांबावं, मला कळत नसे. खोटं त्या चेष्टेतही बोलत नसत. माझे पोहे खारट झाले, तर खारट म्हणाल्या.

निघताना रिक्षात बॅग ठेवून त्या म्हणाल्या, “जाते, आई.”

“जाते काय गं? येते म्हण.”

ताईंनी आईचा हात नुसता धरून ठेवला. मग रिक्षा गेली.

“मराठी इसरली गं ती,” त्यांची आई मला म्हणाली.

मी हो म्हटलं. पण काल आमच्या दारातून निघताना ताई मला सहज “येते हं” म्हणाल्या होत्या, आणि आज सकाळी आल्याही होत्या.