माडग्याचं पातेलं

परवा सुनेनं हुलग्याचं माडगं शिजवलं आणि त्या वासासरशी मला सणसरचं आमचं रान आठवलं. एकोणीसशे पस्तीसच्या सुमाराची गोष्ट.

वडील गावातल्या चार ख्रिस्ती घरांचे उपदेशक. रविवारी त्यांनी बायबलातला ‘कोइनोनिया’ हा ग्रीक शब्द समजावला होता. भाकरी वाटून खाणं आणि दुसऱ्याच्या कामाला हात लावणं, दोन्हीला तो एकच शब्द.

सोमवारी आमच्याकडं इर्जिक होती. शेजारी आपापले बैल घेऊन आले, दुपारपर्यंत सगळं रान नांगरून झालं. रिवाजाप्रमाणं जेवण आमचं. आईनं पातेलंभर माडगं केलं होतं. पण माणसं बाभळीखाली बसली आणि त्यांनी घरून आणलेल्या भाकऱ्यांची फडकी सोडली.

“तात्या, वाढू का?” आईनं त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याला विचारलं.

“नगं बाई. तुमच्या हातचं आमाला चालत न्हाय,” तात्या खाली बघत म्हणाले. “नांगराला कवाबी हाक मारा.”

वडिलांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. “अर्धा शब्द तरी आला,” एवढंच म्हणाले.

मला दोघांचाही राग आला. मी त्या झाकणाकडंच बघत राहिले. तात्यांच्या पोटऱ्यांना आमच्या रानाची माती लागली होती, ती मला आत्ता कुठं दिसते.