वाटीतला एक चिंचोका

निरोप आला तो एस.टी.च्या कंडक्टरबरोबर. शिरूरहून एस्तेरबाईंच्या भाचीनं एक चिठ्ठी आणि फडक्यात बांधलेली पितळी वाटी पाठवली होती. चिठ्ठीत चारच ओळी होत्या. आत्या रविवारी सकाळी गेल्या, उपासनेची घंटा व्हायच्या आधी. हाल झाले नाहीत. ही वाटी कमलला आहे तशीच द्या, असं सांगून गेल्या. कमल म्हणजे मी. मी फडकं सोडलं, वाटीत पाहिलं आणि बालवाडीच्या दारातच खाली बसले. या गोष्टीला आता दीड महिना झाला. बोलायला मला कधी वेळ लागत नाही, पण लिहायला हात उचलत नव्हता…

एस्तेरबाई बालवाड्यांच्या पर्यवेक्षिका होत्या. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतली प्रत्येक बालवाडी नीट चालते की नाही, हे पाहून तसा कागद वर पाठवायचा, हे त्यांचं काम. शिरूरच्या मिशनच्या आवारात वाढलेल्या, एकट्या राहणाऱ्या, चालायला घोड्यासारख्या. त्यांच्याबरोबर सडकेपासून आमच्या गावापर्यंत चालायचं म्हणजे मला निम्मं अंतर पळावं लागे. चहा मात्र त्या इतका वाईट करत, की त्यांच्या घरी गेलं की मीच चुलीपाशी बसायची.

आमचं गाव कासुर्डीच्या अलीकडं, सडकेपासून आत. दहा वर्षांपूर्वी तिथं बालवाडी निघाली आणि गावातली सातवी पास झालेली एकुलती एक सून म्हणून मला तिथं बसवलं. सासरची अट एकच होती. पहिल्या तपासणीत शेरा चांगला आला तर काम करायचं, नाहीतर गुपचूप खुरपं हातात घ्यायचं. बालवाडीला आपल्या घराची ओसरी दिली होती गावातल्या वडीलधाऱ्या आप्पांनी. तपासणी ठरली तशी आप्पांनी सगळी सूत्रं हाती घेतली. आमच्या गावाची रीतच अशी, की बाहेरचं कुणी बघायला येणार म्हटलं की उसनवारी सुरू. खुर्ची ग्रामपंचायतीची, कपबशा मास्तरांच्या, टेबलावरचा रुमाल आप्पांच्या सुनेच्या रुखवतातला. एवढं सगळं जमलं आणि मग आप्पा म्हणाले, "पोरी, तुझी ल्हानगी तोंड उघडत न्हाईत. पहिलीतली चार पोरं घे उसनी. गावाचं नाक ऱ्हायलं पायजे."

मी घेतली. खरं सांगायचं तर आनंदानं घेतली.

बाई आल्या. उसन्या खुर्चीकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पिशवीतून स्वतःचा चार बोटं उंचीचा पाट काढला, तो दाराशी मांडला आणि मुलांच्या डोक्याला डोकं लागेल अशा बसल्या. कमरेच्या बटव्यातून मूठभर चिंचोके काढले, पितळी वाटी पुढ्यात ठेवली आणि मला म्हणाल्या, "चालू दे तुझं." मी चालू दिलं. माझ्या चार उसन्या पोरांनी बाराखडी घोकली, पाढे म्हटले, तीन गाणी हातवाऱ्यांसकट म्हटली. माझी खरी मुलं तोंडावर बोट ठेवून भिंतीशी बसली होती. मेंढरंवाल्यांच्या वाड्यावरची ठकी तर मी मुद्दाम सगळ्यात मागं बसवली होती. तिची बोली बाईंच्या कानावर पडू नये, एवढीच इच्छा. दोन तास झाले. आप्पा मिशीला पीळ देत बसले होते. तेवढ्यात ठकी उठली, सरळ बाईंपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमास्नी खुर्ची न्हाई आवडत व्हय?"

बाईंनी एक चिंचोका वाटीत टाकला. टण् असा आवाज झाला.

पोरं पांगल्यावर त्यांनी वाटी माझ्यापुढं सरकवली. "मूल आपण होऊन काही बोललं, विचारलं, की मी एक टाकते," त्या म्हणाल्या. "पढवलेलं मोजत नाही. दोन तासांत एक पडला."  शेऱ्याची वही उघडून त्यांनी तारीख घातली, टाक बुडवला… आणि पुन्हा पुसून ठेवला. "आज मी काही लिहीत नाही. महिन्यानं येते." कोऱ्या पानाबद्दल त्यांना वरून काय ऐकावं लागलं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. कचेरीतल्या एका साहेबांनी म्हणे विचारलं होतं, ही तपासणी आहे की चिंचोक्यांचा खेळ? बाईंनी उत्तर दिलं होतं, खेळच आहे साहेब, तीन वर्षांच्या मुलाचं दुसरं काय तपासायचं?

त्या महिन्यात मी उसन्या पोरांचा नाद सोडला आणि बोलायचं कमी केलं. माझ्यासारखीला ती शिक्षाच. मुलांपुढं खडे, दोऱ्या, डब्यांची झाकणं टाकायची आणि गप्प बसायचं. आधी आठवडाभर ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मग जी सुटली ती आवरेनात. आप्पांना हे मुळीच पसंत पडलं नाही. बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा ते दारातच उभे होते. "बाई, ह्यो काय बाजार हाय का? पोरं निस्ती बडबडत्यात. पाढा न्हाई, गानं न्हाई. ह्येच चालनार आसंल तर म्या माझी वसरी काढून घेतो."  ओसरी गेली की बालवाडी गेली, आणि खुरपं तर तयारच होतं.

बाईंनी वाद घातला नाही. आपला पाट उचलून आप्पांपुढं ठेवला. "आप्पा, आज तुम्ही तपासणी करा. चिंचोके तुम्ही टाका. मी बसते मागं." आप्पा नाइलाजानं टेकले. पुढ्यातच ठकी खड्यांचा मेंढवाडा मांडून सांगत होती. ही म्हातारी मेंढी हाय, हिला मागं न्हाई ठिवायची. ह्ये कोकरू कालचं हाय, त्येला उचलून घ्यायचं. आप्पा बघत होते, चिंचोके टाकत होते. मग त्यांना राहवलं नाही. "आन् लांडगा आला मंजी?" ठकीनं त्यांच्याकडं नीट निरखून पाहिलं. "मग तुमी कुत्रं व्हा."  गावात आप्पांना असं कुणी बोललं नव्हतं. आप्पांनी मूठ उघडून चिंचोके बघितले, आणि हळूच विचारलं, "भुकायचं का निस्तं बसायचं?"

ओसरीचा विषय पुन्हा निघाला नाही. बाईंनी त्या दिवशी कोऱ्या पानावर लिहिलं, "येथे मुले बोलतात. शिक्षिका ऐकते." पुढं आठ वर्षं त्या येत राहिल्या. चुकलं की फाडकन बोलायच्या, बरं दिसलं की नुसत्या मान हलवायच्या. त्या एका मानेसाठी मी महिना महिना झटले आहे. बालवाडी कशाला म्हणायचं ते मला एस्तेरबाईंनी शिकवलं, आणि त्यांच्याइतकं मी कुणालाच मानलं नाही.

एक गोष्ट मात्र मनात खुपत राहिली होती. शेवटची भेट झाली ती गेल्या उन्हाळ्यात, शिरूरला. बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. मी नेहमीप्रमाणं बडबडत होते, आणि बोलता बोलता त्यांच्या जवळ सरकले. मग म्हणाले, "बाई, पहिल्या तपासणीला ती चार पोरं माझी नव्हती. पहिलीतून उसनी आणली होती."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "सडकेकडं जाताना शाळेच्या खिडकीतून दिसली मला. आपापल्या जागी बसली होती."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मी बोलले असते तर ते माझं बोलणं झालं असतं… तुझं यायचं होतं." उशाशी वाटी होती, बटवा होता. त्यांनी बटव्यातून एक चिंचोका काढला आणि वाटीत टाकला. मला रडू आवरेना. त्या मात्र समाधानानं डोळे मिटून पडल्या होत्या.

ती वाटी आता बालवाडीच्या फळीवर आहे. मुलांच्या हाताला सगळं लागतं, फक्त ती मी वर ठेवते. परवा ठकीचा धाकटा भाऊ माझा पदर ओढत उभा राहिला. "बाई, त्यात येकच चिंचोका हाय. कुनाचा हाय त्यो?"

"माझा," मी म्हणाले.